सगळ्यात वेगाने चढतो तोच लीडर का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सत्तरेक किल्ले झालेत, ग्रुपमध्ये सगळ्यात वेगाने तुम्हीच चढता, म्हणून पावसाळ्यातला २५ जणांचा ट्रेक तुमच्याकडे सोपवला गेला. दोघं मागे राहिले, फाट्यावर भलत्याच ढोरवाटेला लागले, त्यांना शोधण्यात दीड तास गेला, उतरताना अंधार पडला आणि गाडीत बसेपर्यंत सगळे एकमेकांवर चिडलेले होते. आता मित्र म्हणताहेत की तुमच्यात लीडरचे गुण नाहीत. ते गुण कोणते, आणि ते शिकता येतात की जन्मजात असावे लागतात, हे तुम्ही विचारलंय.

शिकता येतात. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला स्वभावाचा दोष कुठेच दिसत नाही. दिसतं ते असं: सगळ्यात पुढे तुम्ही होतात, सगळ्यात मागे कोण हे ठरलं नव्हतं, आणि किती वाजता परत फिरायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. ही तिन्ही कामं पायथ्याच्या गावात चहा पिता पिता उरकायची असतात. लीडरकडे शांतपणा हवा, निर्णयक्षमता हवी, असं सगळे सांगतात. पण पावसात भिजलेला, भुकेला, रात्रभर न झोपलेला माणूस ऐन वेळी शांत राहत नाही. डोंगरावर जो शांत दिसतो त्याचे बहुतेक निर्णय आदल्या आठवड्यातच झालेले असतात. म्हणून मी गुणांची यादी देत नाही. काय ठरवायचं, कधी ठरवायचं आणि ते का बिघडतं, तेवढंच सांगतो.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. किती आणि कसला लीडर लागतो हे वाटेवर, ऋतूवर आणि सोबतच्या माणसांवर ठरतं. हरिश्चंद्रगडाचंच बघा. पाचनईची वाट पहिल्यांदा ट्रेकला येणाऱ्यालाही झेपते. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जायचं तर चाल लांबते आणि खिंडीवरच्या कातळात पाय जपून टाकावे लागतात. बेलपाड्याहून नळीची वाट, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतून चढणारी वाट, तिथे घसारा (पायाखालून सरकणारी माती-खडी), मोठाले धोंडे, कातळटप्पे आणि हजारेक मीटरची चढाई. गड एकच, पण पाचनईला २५ जणांना व्यवस्थित नेणारा माणूस नळीत दहा जणांनाही नेऊ शकेल असं नाही. माझा हिशोब असा असतो: सोप्या मळलेल्या वाटेवर आठ-दहा जणांमागे एक जाणता माणूस, घसारा किंवा दृष्टिभय (बाजूची खोल दरी बघून वाटणारी भीती) असलेल्या वाटेवर पाच-सहा जणांमागे एक, आणि दोर लावावा लागणार असेल तर सगळे मिळून दहा-बाराच्या वर माणसं नकोत. तुमच्या २५ जणांत वाट माहीत असलेले किती होते? एकटे तुम्हीच असाल, तर चूक आमंत्रण पाठवलं त्या दिवशीच झाली होती.

आता वेळ. बहुतेक ट्रेक इथेच फसतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला वरचा एक तास, हा डोंगरातला जुना ठोकताळा. समजा वाट ४ किलोमीटरची आणि चढाई ६०० मीटरची आहे. चालण्याची ४८ मिनिटं आणि चढाईचा एक तास, म्हणजे पावणेदोन तासांच्या वर थोडंसं. हा झाला तयारीच्या माणसाचा वेळ. पावसाळा आणि मोठा ग्रुप असेल तर मी त्याची दीडपट धरतो, म्हणजे पावणेतीन तास. उतरायला अर्धा वेळ पुरेल असं सगळे गृहीत धरतात. निसरड्या वाटेवर तसं होत नाही. एकेकाला हात देत उतरवताना चढण्याइतकाच वेळ जातो, कधी जास्तही.

मग उलटा हिशोब करायचा. जूनअखेरीला पुण्या-नाशकाकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण ढगात आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच दिसेनासं होतं. मला सगळी माणसं पाचला पायथ्याशी हवीत. मधले पावणेदोन तास कशासाठी? मुरगळलेल्या पायासाठी. चालता न येणाऱ्या एका माणसाला उचलून आणायचं तर सहा-आठ जण आळीपाळीने लागतात आणि सगळ्यांचा वेग मुंगीचा होतो. पाचला पायथा, उतरायला पावणेतीन तास, म्हणजे सव्वादोनला माथा सोडायचा. यावरून परतीची वेळ ठरते: दुपारी दोन. दोन वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग माथा समोर दिसत का असेना. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो, तेव्हा हीच वेळ तासाभराने अलीकडे आणा. ही वेळ सकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. सकाळी सांगितलेली वेळ नियम म्हणून घेतली जाते, दुपारी काढलेली तीच वेळ लोकांना लीडरची लहर वाटते.

परत फिरण्याच्या निर्णयावर मतदान घेऊ नका. पंचवीस जणांना विचारलंत तर वीस जण ‘एवढं आलोय तर जाऊ’ म्हणतील, आणि ज्या चौघा-पाच जणांचे पाय लटपटताहेत ते लाजेने गप्प बसतील. म्हणजे ज्यांच्यासाठी परतायचं, त्यांचंच मत मोजलं जात नाही. विचारपूस जरूर करा, पण एकेकाला बाजूला घेऊन. ठरलं की एका वाक्यात सांगा: ‘दोन वाजलेत, आपण इथून परत फिरतोय, खालच्या टाक्यापाशी बसून डबे खाऊ.’ कारण एकच द्या. तीन कारणं दिलीत की त्यातल्या सगळ्यात कच्च्या कारणावर वाद सुरू होतो. माणसांनी पैसे भरलेत याचं ओझं तुमच्यावर असणारच, म्हणून आमंत्रणातच लिहून टाका की माथ्यावर पोचण्याची हमी नाही आणि हवामान बघून वाट किंवा किल्ला बदलेल.

आता मागे राहिलेल्या त्या दोघांकडे येऊ. पुढे एक, मागे एक आणि मध्ये एक अशी तीन माणसं नेमायची. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही आणि शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. लघवीला बाजूला जायचं असेल तरी शेवटच्याला सांगून जायचं, मग तो थांबतो. तिघांतला सगळ्यात अनुभवी माणूस मागे हवा, पुढे नको. दमणं, चक्कर, पायात गोळा, भीती, वाट चुकणं, सगळं शेपटाकडे घडतं. पुढच्याला वाट माहीत असली आणि हळू चालता आलं की पुरे. तुमच्यासारख्या वेगाने चढणाऱ्याला पुढे ठेवलं की अर्ध्या तासात रांगेचे तीन तुकडे होतात. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि शेवटचा माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय हलायचं नाही. ढगात काही दिसत नसेल तर फाट्यावर एकाला उभं करून पुढे जायचं, आणि त्याने शेवटच्याबरोबर यायचं.

मोजणी ‘सगळे आले ना?’ असं विचारून होत नाही. त्यावर सगळे ‘हो’च म्हणतात, कारण जो आला नाही तो उत्तर द्यायला तिथे नसतो. प्रत्येकाला आकडा द्या आणि आकडे म्हणून घ्या. गाडीतून उतरल्यावर, गाव सोडताना, प्रत्येक मोठ्या थांब्यावर, माथ्यावरून निघताना आणि परत गाडीत बसताना. २५ आकडे म्हणायला मिनिटभरही लागत नाही.

हळू चालणाऱ्याला कसं वागवायचं हा मला लीडरच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि तोच सगळ्यात कमी शिकवला जातो. बहुतेक ग्रुपमध्ये काय होतं बघा. पुढचे दहा मिनिटं बसतात, गप्पा मारतात, फोटो काढतात. धापा टाकत शेवटचा पोचतो आणि तो दिसताच पुढचे उठतात: ‘चला, आले सगळे.’ ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती दिवसभर मिळत नाही. दुपारी त्याचा पाय घसरतो आणि लोक म्हणतात, त्याची तयारी नव्हती. तयारी कदाचित कमी असेलही, पण तो पडला कारण सकाळपासून तो एकदाही नीट बसला नव्हता. म्हणून थांब्याची पाच मिनिटं शेवटचा माणूस खाली बसल्यापासून मोजा. तो पाणी प्यायला, चार खजूर खाल्ले, श्वास जागेवर आला, मग उठायचं. पहिल्या मोठ्या चढानंतर त्याला पुढच्याच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर आणा. सगळ्या रांगेचा वेग आपोआप त्याच्या पावलांवर येतो, आणि मागे राहिल्याची लाज संपते. त्याची सॅक दुसऱ्याला द्यायची असेल तर चारचौघांत तो मुद्दा करू नका. ‘पाणी सगळ्यांचं वाटून घेतोय’ म्हणा आणि वजन काढून घ्या.

आणि खोटं बोलू नका. ‘आलंच, पंधरा मिनिटं’ हे आपल्याकडचं सगळ्यात लाडकं खोटं. दुसऱ्यांदा ते ऐकल्यावर दमलेला माणूस तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडतो, आणि पुढे खरोखर धोका असेल तेव्हा तुमचं ऐकत नाही. ‘अजून तासभर आहे, मध्ये दोन थांबे घेऊ’ हे ऐकून तोंड उतरतं, पण माणूस आपली ताकद पुरवून वापरतो.

वेगवान मंडळींची तक्रार येईल. त्यांना दटावण्यापेक्षा काम द्या. दोर, जादा पाणी, प्रथमोपचाराची पिशवी त्यांच्या पाठीवर द्या, फाट्यावर त्यांना उभं करा. काम सांगताना नाव घ्या. ‘कुणीतरी मागे बघा रे’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

पायथ्याला निघण्यापूर्वीचं बोलणं सात-आठ मिनिटांत संपवा, त्यापुढे लोक मोबाईल काढतात. वाट कशी आहे, किती तास, परतीची वेळ, पुढे-मागे कोण, आकडे, पाणी कुठे मिळेल आणि कुठे नाही, आणि एक नियम: कुणीही ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबणार. पहिल्यांदा आलेल्या मुलीनेसुद्धा. बरेचदा सुटलेला दगड, घरंगळणारी सॅक किंवा झाडावरचं मोहोळ नवख्यालाच आधी दिसतं, आणि ‘आपण काय बोलणार’ म्हणून तो गप्प राहतो. नळीत किंवा घसाऱ्यावर कुणाच्याही पायाखालून दगड सुटला की ‘दगड!’ असं ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याने वर न बघता भिंतीला चिकटायचं, हेही तेव्हाच सांगा. गडाचा इतिहास वर सांगा.

दमा, फिट, मधुमेह, रक्तदाब, नुकतं झालेलं ऑपरेशन, मधमाशीची किंवा औषधाची अॅलर्जी, हे आधीच फॉर्ममध्ये विचारा आणि नंतर फोनवर खाजगीत बोला. दमेकऱ्याचा इन्हेलर सॅकच्या तळाशी असून उपयोग नाही, तो वरच्या कप्प्यात हवा आणि शेवटच्या माणसाला तो कप्पा माहीत हवा.

धोक्याच्या जागांपैकी तीनच घेतो, कारण तिथे लीडरचा कस लागतो. पहिली, ओढा. सकाळी घोट्याएवढं पाणी होतं म्हणून संध्याकाळीही तेवढंच असेल हे गृहीत धरू नका. सह्याद्रीतले ओढे वर पाऊस झाला की पाहता पाहता फुगतात. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला, आवाज बदलला, की आत कुणालाही उतरवू नका. जोराचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, थांबायचं. हेच ओढे पाऊस ओसरला की काही तासांत उतरतातही, म्हणून थांबणं हा उत्तम उपाय आहे आणि लीडरला तोच सगळ्यात जड जातो. ओलांडायचंच ठरलं तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, आणि माणसाला दोराने बांधून पाण्यात सोडू नका. तोल गेला तर तोच दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

दुसरी, ऊन. मार्च ते मे कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटा मी नवख्या ग्रुपला देतच नाही. हिवाळ्यात माणशी ३ लिटर पाणी पुरतं, उन्हाळ्यात ४ ते ५ लागतं, आणि नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही जातं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर १ लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माणूस असंबद्ध बोलू लागला, पाय वाकडे पडू लागले, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो ‘दमलाय’ असं समजू नका. तो उष्माघात आहे. सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा, आणि लगेच १०८ ला फोन. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

तिसरी, आग्या मोहोळ. कातळकड्याखाली, बुरुजाखाली, मोठ्या झाडांवर वर बघण्याची सवय लावून घ्या. परफ्युम, धूर, आरडाओरडा नको. उठलंच तर हातवारे न करता तोंड झाकून, जमेल तितक्या लांब, दाट झुडपात शिरायचं. पण कड्याच्या काठाकडे धावायचं नाही. अशा वेळी घाबरून पळणारा माणूस दरीत जाऊ शकतो, म्हणून पळायची दिशा ओरडून सांगणं हे लीडरचं पहिलं काम.

गावातल्या माणसांशी तुम्ही कसे वागता त्यावरही बरंच ठरतं. पावसाळ्यात अनोळखी वाटेला स्थानिक वाटाड्या घ्याच. मोबदला आधी ठरवा आणि उतरल्यावर लगेच द्या. जेवण तीस जणांचं सांगितलं आणि अठरा जण पोचले तर मावशींना तिसांचे पैसे द्या. वाट विचारताना ‘वाट आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुतेकदा ‘हाय की’ असंच येतं. ‘दादा, आठ दिवसांत वर कोण गेलं होतं का? गुरं नेता का त्या अंगानं?’ असं विचारा, म्हणजे वाट मोडली आहे का ते कळेल. ते अर्धा तास म्हणाले तर तो त्यांच्या पायांचा अर्धा तास आहे.

रात्री अकराला गाडी काढून पहाटे चारला गावात पोचणारे ग्रुप विसरतात की लीडर आणि ड्रायव्हर दोघेही जागे आहेत. तुम्ही वर असताना ड्रायव्हरने झोपायचं हे आधी बोलून घ्या, आणि परतताना एकाने त्याच्या शेजारी जागं बसायचं. घरी एका माणसाकडे सगळ्यांची यादी, ठरलेली वाट आणि ‘रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं’ हे लिहून ठेवा.

शिकायचं कसं? उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स जमला तर जरूर करा. दोर, गाठी आणि शिस्त तिथे पक्की होते. पण तो बर्फाच्या डोंगरांसाठी आहे. आपल्या कारवीत, घसाऱ्यात आणि धुक्यात वाट शोधणं इथेच शिकावं लागतं. त्यासाठी पुढचे तीन ट्रेक लीडर होऊ नका, शेवटचे व्हा. सोपी वाट घ्या, पाचनईसारखी. खिशात छोटी वही ठेवा. कोण कधी थांबलं, का थांबलं, पाणी कुणाचं संपलं, ठरवलेली वेळ आणि खरी वेळ यांत किती फरक पडला, हे लिहा. उतरल्यावर गाडीत बसण्यापूर्वी दहा मिनिटं सगळ्यांना विचारा, आज कुठे भीती वाटली? दोष कुणाचा ते विचारू नका, जागा विचारा.

मागच्या ट्रेकमध्ये चुकलेल्या त्या दोघांना या आठवड्यात फोन करा. फाट्यावर त्यांना काय दिसलं, कुठली वाट जास्त मळलेली वाटली, हाका ऐकू येत होत्या का, हे शांतपणे ऐकून घ्या. ते पुन्हा यायला तयार असतील तर पुढच्या ट्रेकला त्यांतल्या एकाला मधला माणूस नेमा. मागे वळून बघायला त्याला कुणी सांगावं लागणार नाही.